पाठमोरा वाघ

आमच्या घरात थापेला थाप म्हणत नाहीत, पाठमोरा वाघ म्हणतात. नातू सांगत आला की पेपर सोपा गेला, तर त्याची आई विचारते, सोपा गेला की पाठमोरा वाघ? सुतार परवा नक्की येतो म्हणाला की आम्ही एकमेकांकडे बघतो, तेवढं पुरतं. नव्या सुनांना हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो आणि त्या तो माहेरी घेऊन जातात. नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत तर आम्हाला न ओळखणारी माणसंसुद्धा आता तो वापरतात.

शब्द मी काढला. वाघ आमच्या जावईबापूंचा, माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. म्हणजे चेष्टा त्यांची झाली आणि कौतुक माझं. माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले आहेत, गुडघे कुरकुरतात आणि खोटं लक्षात ठेवण्याइतकी स्मरणशक्ती उरलेली नाही. तेव्हा लिहून ठेवतो की तो वाघ होता. पाठमोराच होता. मी पाहिला.

जावईबापू मौद्याकडच्या शेतकरी घरातले. नोकरी कोराडीला, वीज केंद्रात. शनिवारी संध्याकाळी शर्टावरची राख झटकत ते बसने आमच्याकडे येत. आमचं घर मूळचं महाल भागातलं, भोसल्यांच्या वेळेपासून कारकुनी करणारं. आमच्या तीन पिढ्यांनी शेत पाहिलं ते सातबाऱ्यावर. जावयाला आम्ही मान देत असू. म्हणजे पाट द्यायचो, चांदीची वाटी द्यायचो, आणि त्यांची पाठ फिरली की त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचो. बोलायचो आम्हीही तसंच, फक्त पाहुण्यांसमोर जीभ धुऊन घ्यायचो.

त्यांना गोष्ट सांगायला आवडायचं. बैलाने एकदा कुंपणावरून उडी मारली, एवढीच गोष्ट ते जेवण संपेपर्यंत पुरवत आणि सांगताना बैल थोडा वाढतही असे. माझी बहीण तेव्हा ते सगळं खरं मानून ऐकायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ आला. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, त्यामुळे जावयाला वाण देणं आलं. आईने महिनाभर एकवेळ जेवण धरलं होतं. तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, वाळवले, कांडले, गुळात मळून पीठ मुरत ठेवलं आणि तेहतीस अनारसे तळले. लहानपणापासून मोडलेले अनारसे माझे असा घरात कायदा होता. त्या वेळी आईने मोडलेलेही मला दिले नाहीत, ते देवळात गेले. वाण म्हणजे विष्णूला दिलेलं, दिलं की ते जावयाच्या घरचं, आपल्या घरच्याने त्याला तोंड लावायचं नाही, नाहीतर महिन्याचा उपास पाण्यात. हे तिने मला दोनदा सांगितलं. तिला तिचा मुलगा ठाऊक होता.

नेमकं त्याच रविवारी माझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना नागझिऱ्याच्या विश्रामगृहात जागा मिळाली. मोठे बाबू म्हणजे आमच्या साहेबांच्या खालचे आणि बाकी सगळ्यांच्या वरचे. त्यांच्याकडे खाकी टोपी होती, दुर्बीण होती, आणि आजवर सात वेळा वाघ दिसल्याची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण ज्याच्या सहीने रजा मंजूर होते त्याच्या वाघांची मोजणी कोण करणार? त्यांनी मला बोलावलं. जीपमध्ये आणखी दोन जागा होत्या, त्या मी बहिणीसाठी आणि जावईबापूंसाठी मागून घेतल्या. आईने सकाळीच वाण दिलं. पितळी डब्यात अनारसे, वर दिवा. जावईबापू विष्णूसारखे न बसता मुंजीतल्या बटूसारखे अवघडून बसले. परत येताना जीप त्यांना परस्पर कोराडीला सोडणार होती, म्हणून डबा सोबत घ्यायचा ठरलं. तो बहिणीने आपल्या सीटखाली ठेवला. भंडाऱ्यापर्यंत मी तुपाचा वास सहन केला. साकोलीनंतर मला दुसरं काही सुचेना.

नागझिऱ्याला अभयारण्य म्हणू लागून फार वर्षं झाली नव्हती, जंगल मात्र कोणाच्याही आठवणीपलीकडचं. ज्येष्ठाच्या उन्हात साग उघडेबोडके उभे होते. कुलूची पांढरी झाडं दिवसासुद्धा दचकवत होती. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे खवले, आणि सगळीकडे वाळक्या पानांचा असा थर की सरडा गेला तरी माणूस चालल्यासारखा आवाज. मोठे बाबू सारखे सांगत होते, जंगलात बोलायचं नाही. ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगत होते की चितळांचा एक कळप त्यांचं सांगणं ऐकूनच निघून गेला.

पण रानगवे थांबले. काळेभोर अंग, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बांबू चघळायला लागला, जसं काही आमचा अर्ज वाचून बाजूला ठेवला. जावईबापू हळूच बहिणीला म्हणाले की ह्याले जोताले धरलं तर दुसरा बैल घ्यायची गरज नाही. बहीण पदर तोंडावर धरून हसली. मोठ्या बाबूंनी वळून पाहिलं. मीही वळून पाहिलं, त्यांच्यासारखंच.

दुपारी विश्रामगृहात पोळ्या, आलूची भाजी, कांदा आणि ठेचा झाला. मग ओले पंचे अंगावर घेऊन सगळे आडवे झाले. मोठे बाबू दुर्बीण छातीवर ठेवून घोरू लागले. जावईबापू म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. त्या काळीही असं एकट्याने फिरायची मनाई होती. ती फळ्यावर लिहिलेली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती वाचली होती.

ते गेले आणि मी उठलो. जीपमधून डबा काढला आणि मागच्या नाल्याकडे उतरलो.

नाला आटला होता, पण वळणावर एक डोह शिल्लक होता. त्याच्या काठी जांभळाच्या मुळांच्या आड सावलीत मी बसलो. डब्याचं झाकण अतिशय घट्ट बसायचं. आधी डावीकडे दाबून मग वर ओढायचं, ही युक्ती आमच्या घरात आईला आणि मलाच येत होती. वर फांद्यांत काळतोंडी वानरं बसली होती. एकच खायचा, असं ठरवून मी सुरुवात केली. एक खाल्ल्यावर लक्षात आलं की तेहतिसातला एक गेला काय आणि दोन गेले काय, पुण्याचं जे व्हायचं ते पहिल्यालाच झालं. हे कळल्यावर माझं मन हलकं झालं आणि हात मोकळा.

बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा समोरच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, अर्जुनाच्या बुंध्याशी जावईबापू बसलेले दिसले. त्यांची नजर डोहाकडे होती. मी मुळांमागे आणखी खाली सरकलो. तेवढ्यात वानरांनी खक्‌ खक्‌ असा एकच गिल्ला केला आणि मग सगळं गप्प झालं. पाखरूही बोलेना.

वाघ बांबूतून आला. घाई नव्हती. पाण्याशी येऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग चक्क वळला, आमच्या घरातली म्हातारी माणसं खाटेवर बसतात तसा मागे सरकत सरकत पाण्यात शिरला आणि टेकला. शेपटी आधी, मग मागचे पाय, मग पोट. तोंड कोरडंच. छातीपर्यंत पाणी आल्यावर त्याने डोळे मिटले. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस माठाचं गार पाणी पिऊन मिटतो, अगदी तसे. माझ्या तोंडात अर्धा अनारसा होता. तो चावायचं धाडस होईना आणि गिळायचं सुचेना. मी इतकं सुंदर काही त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हे वाक्य लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

नीट दिसावं म्हणून मी जरा पुढे वाकलो. मांडीवरचं झाकण घसरलं, दगडावर आपटलं आणि घणघणत खाली गेलं. वाघाने डोळे उघडले. पुढच्या क्षणी पाणी हलत होतं आणि वाघ नव्हता.

जावईबापू विश्रामगृहात पळत आले ते घामाने निथळत. मी वळसा घालून आधीच येऊन डोळे मिटून पडलो होतो. डबा मी जांभळाखाली उघडा टाकून आलो होतो, भोवती चुरा पेरून. वानरं वर होतीच. जावईबापूंनी सगळ्यांना उठवलं.

"वाघ पाह्यला," ते म्हणाले. "उलटा शिरला गा पाण्यात. शेपटीकडून. आन् मंग घंटा वाजली, तसा गेला."

मोठ्या बाबूंना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या सातही वाघांपैकी एकही पाण्यात बसला नव्हता. ते म्हणाले की म्हैस असेल. जावईबापू म्हणाले, म्हैस पट्ट्याची नसते. मग मोठ्या बाबूंनी विचारलं की उलटा काहून शिरेल, नवी नवरी आहे का लाजायला? आणि घंटा कोणी वाजवली? जावईबापू गोंधळले. घंटा वाजली होती हे ते शपथेवर सांगत होते आणि जंगलात घंटा नाही हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाबूंनीही पाहिलं.

मी म्हणालो, "आरतीची वेळ झाली असेल, वाघ देवळात गेला."

मोठे बाबू इतके हसले की टोपी पडली. ड्रायव्हर हसला. बहीणही हसली, आधी थोडी, मग सगळे हसताहेत म्हणून जास्त. परत येताना जीपमध्ये मीच त्याला पाठमोरा वाघ म्हणालो आणि शब्द रुळला.

त्याआधी, निघताना, जांभळाखाली डबा बहिणीला सापडला तेव्हा तिचे डोळे भरून आले. वानरांनी वाण खाल्लं, आता आईला काय सांगू. पण आई माझ्याहून मोठी निघाली. तिने ऐकलं आणि हात जोडले. म्हणाली, माकडाच्या रूपाने मारुती आला आणि माझं वाण घेऊन गेला, विष्णूच्या आधी त्याच्या भक्ताने चाखलं. तिने नारळ फोडला, गल्लीत साखर वाटली. अनारसे तिने पुढेही केले, पण प्रत्येक वेळी त्या मारुतीची गोष्ट सांगून. आता मी वाघाची साक्ष द्यायची तर मी तिथे काय करत होतो ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की आईचा मारुती जाणार. मी मारुतीची बाजू घेतली. तो निर्णय धार्मिक होता असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

जावईबापूंनी ती गोष्ट आणखी तीन-चार ठिकाणी सांगून पाहिली. बैलाची उडी दर वेळी वाढायची, हा वाघ मात्र कधी बोटभरही वाढला नाही. हे कोणाच्या ध्यानात यायला हवं होतं. सगळीकडे घंटेपाशी हशा व्हायचा. मग त्यांनी सांगणं सोडलं. हळूहळू बैलाचीही गोष्ट सोडली. शनिवारी येत, जेवत, पेपर वाचत. घरात त्यांच्या शब्दाला एक वजावट बसली. ते म्हणाले बढती मिळेल, तर बहीण म्हणायची, मिळाली की सांगा. मिळाली, तेव्हाही तिने आधी आदेश पाहायला मागितला.

आणि मग ती दुपार. बहिणीच्या नणंदेकडे मौद्याला काही कार्य होतं आणि जावईबापूंना जायचं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळपासून ते पोट दुखतं म्हणत होते. बहीण साडी बदलून तयार होऊन बसली आणि हसत म्हणाली, आज पोटात पाठमोरा वाघ शिरला वाटतं. त्यांनी पाय पोटाशी घेतले. ते खाटेवरून खाली कोसळले तेव्हा तिने हसणं थांबवलं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. वाचले, पण बरेच दिवस अंथरुणाला खिळले. मी दवाखान्यात संत्री घेऊन जायचो, सोलून द्यायचो आणि घरी यायचो. एवढं झाल्यावरही मी बोललो नाही, ह्याची मला कुठलीच गंमत करता येत नाही.

आई गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्यामागे लपण्याची सोयही तिच्याबरोबर गेली होती; मी सवयीने लपत राहिलो. गेल्या वर्षी बहिणीकडे सगळे जमलो होतो. तिच्या नातीने मोबाइल आणून आजोबांच्या नाकासमोर धरला. कुठल्याशा जंगलातला वाघ होता. पाण्याशी आला, वळला आणि मागे सरकत सरकत पाण्यात टेकला. नात म्हणाली की वाघ असेच बसतात, तोंडावर पाणी उडालेलं त्यांना चालत नाही.

जावईबापूंनी ते दोनदा पाहिलं. मग मोबाइल परत दिला आणि म्हणाले, चहा ठेव वं बाई. बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला बघवेना. पण सवय मोठी वाईट. तिचा मुलगा म्हणाला, वाघ मानला बाबा, पण घंटेचं काय? आणि सगळे पुन्हा हसले, सुटल्यासारखे. बहीणही हसायला लागली होती.

मी म्हणालो, "घंटा नव्हती ती. डब्याचं झाकण होतं. माझ्या मांडीवरून पडलं."

मग सगळं सांगितलं. जांभूळ, अनारसे, वानरं, पेरलेला चुरा. मुलांना वाटलं की मामा म्हातारपणी जावयाची बाजू घेताहेत. भाचा तर म्हणाला, मामांचाही पाठमोरा वाघ निघाला. माझा शब्द मलाच परत मिळाला आणि तो कसा लागतो ते कळलं.

बहीण मात्र उठून आत गेली. तो पितळी डबा तिच्याकडे अजून आहे, बेसन ठेवते ती त्यात. बेसन परातीत ओतल्याचा आवाज आला. मग ती दारात आली, हातात झाकण, कडेला पोचा आलेलं. तो पोचा वानरांनी पाडला असं ती इतकी वर्षं समजत होती. तिने झाकण फरशीवर टाकलं. ते घणघणलं, फिरलं, घणघणत राहिलं आणि थांबलं.

"हेच," जावईबापू म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी. कोराडीले घरी आल्यावर तुह्या हातून पडलं ना ओट्यावरून. आन् ते झाकण माकडाले निघते का? मले नव्हतं निघत."

"मग बोलले काहून नाही?"

"तुही आई मारुतीले नारळ फोडून राह्यली होती. तिले काय सांगू, मारुती नाही, तुहा पोरगा होता म्हणून?"

बहीण माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं रागावेल. ती फक्त म्हणाली, "त्या दुपारी मी साडी नेसून हसत बसले होते, दादा." झाकण तिने उचललं, पदराने पुसलं आणि आत नेलं. त्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही, आणि मला कोणी थांबवलंही नाही.

त्यानंतर अधिक महिना आला तेव्हा तिचा निरोप आला. वाण माहेरचं असतं, माहेरी आता तूच, तेव्हा अनारसे तू करायचे. विकतचे चालणार नाहीत. मी तांदूळ भिजवले, पाणी बदललं, सुनेला काही विचारायची मनाई होती. पहिला घाणा तुपात पडताच विरघळला. आमच्याकडे त्याला अनारसा हसला म्हणतात. सगळेच हसत होते, तोही हसला. पण तेहतीस भरले, वेडेवाकडे. पितळी डबा तिने आधीच पाठवला होता.

जावईबापू पाटावर बसले, पूर्वीसारखेच अवघडून. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण दाबलं, ओढलं, फिरवलं, निघेना. शेवटी माझ्याकडे सरकवलं. मी युक्तीने काढून दिलं. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

"घ्या दादा."

मी नको म्हणालो.

"आता काहून नको?"

पोरं खदखदली. मग नात म्हणाली, आजोबा, तो वाघ पहिल्यापासून सांगा ना. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली, हातातलं काम खाली ठेवून. कित्येक वर्षांनी त्यांनी गोष्ट सुरू केली. नाला आला, अर्जुन आला, वानरं ओरडली. एक अनारसा संपेपर्यंत वाघ अजून बांबूतच होता. मग निघाला, आणि मी कान टवकारले.

"एवढा मोठा," ते म्हणाले आणि हात पसरले. हात पुरेनात म्हणून त्यांनी भिंतीपासून दारापर्यंत दाखवलं. "त्या रानगव्याहून मोठा. डोहात शिरला तं पाणी काठावर आलं."

बहिणीने हळूच माझ्याकडे पाहिलं. एकच साक्षीदार होता, तो मी.

"होता," मी म्हणालो. "एवढाच होता."

ती पुन्हा नवऱ्याकडे वळली आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकू लागली.

इथे कागदावर मात्र खरं लिहितो. वाघ मध्यम होता.